वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्र

वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्र ही आरोग्यविज्ञानाची एक शाखा आहे. रक्त, लघवी, थुंकी, मल, मस्तिष्कमेरुद्रव इत्यादी नमुन्यांची तपासणी करून रोगनिदान, उपचार व रोगप्रतिबंध यांसाठी लागणारी माहिती या शाखेतून मिळते. या क्षेत्रातील व्यावसायिकांस प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा प्रयोगशाळा वैज्ञानिक असे म्हणतात. पदविका व पदवी परीक्षा, शासकीय भरती तसेच आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा यांचा गाभा जवळपास सारखाच असतो. रक्तशास्त्र, जीवरसायनशास्त्र, रक्तपेढीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, प्रतिक्षमताशास्त्र, लघवी व शरीरद्रव तपासणी आणि प्रयोगशाळा व्यवस्थापन हे त्यातील सात विषय होत. प्रस्तुत लेखात या मूलभूत ज्ञानाचा आढावा घेतला असून महाराष्ट्रातील, विशेषतः परभणी जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील परिस्थितीशी त्याचा असलेला संबंध नोंदवला आहे.

पात्रता, नोंदणी व परीक्षा

महाराष्ट्रात या क्षेत्रातील प्रवेश प्रामुख्याने डीएमएलटी ही पदविका किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानातील पदवी यांद्वारे होतो. राज्यातील व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी 'महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११' हा कायदा करण्यात आला. केंद्रीय स्तरावर २०२१ साली राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम संमत झाला. त्याच्या अनुसूचीत 'वैद्यकीय प्रयोगशाळा व जीवविज्ञाने' हा स्वतंत्र गट आहे. या अधिनियमानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक आहे.

तंत्रज्ञाच्या अधिकारास मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिलेल्या आदेशानुसार प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाची प्रतिस्वाक्षरी आवश्यक ठरते.

शासकीय सेवेत सार्वजनिक आरोग्य विभागातील 'प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी' आणि जिल्हा परिषदेतील 'प्रयोगशाळा तंत्रज्ञ' ही पदे स्पर्धा परीक्षेद्वारे भरली जातात. परदेशी नोकरीसाठी अनेक भारतीय उमेदवार 'अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजी' या संस्थेची परीक्षा देतात. तिच्या वैद्यकीय प्रयोगशाळा वैज्ञानिक परीक्षेत अडीच तासांत १०० प्रश्न सोडवावे लागतात. परीक्षा संगणकावर होते आणि उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढील प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते. जीवरसायन, रक्तशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व रक्तपेढीशास्त्र या विषयांना प्रत्येकी १७ ते २२ टक्के आणि उर्वरित तीन विषयांना प्रत्येकी ५ ते १० टक्के भार असतो.

नमुना संकलन व वाहतूक

प्रत्येक चाचणीचे तीन टप्पे मानले जातात: विश्लेषणपूर्व, विश्लेषण आणि विश्लेषणोत्तर. प्रयोगशाळेतील बहुतांश चुका पहिल्या टप्प्यात, म्हणजे नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घडतात. रुग्णाची चुकीची ओळख, चुकीची नळी, अपुरे रक्त, तांबड्या पेशींचे विघटन आणि वाहतुकीतील विलंब ही त्याची प्रमुख कारणे होत. यंत्र कितीही अचूक असले, तरी सदोष नमुन्याचा निकाल सदोषच राहतो.

एकाच वेळी अनेक नळ्यांत रक्त घ्यावयाचे असल्यास पुढील क्रम पाळला जातो:

१. रक्तसंवर्धनाची बाटली
२. निळे झाकण: सोडियम सायट्रेट (रक्त गोठण्याच्या चाचण्या)
३. लाल किंवा पिवळे झाकण: रक्तरस अर्थात सीरम (जीवरसायन, प्रतिपिंडे)
४. हिरवे झाकण: हेपॅरिन
५. जांभळे झाकण: ईडीटीए (रक्तपेशी गणना, एचबीए१सी)
६. राखाडी झाकण: सोडियम फ्लोराइड व पोटॅशियम ऑक्झलेट (रक्तशर्करा)

क्रम चुकल्यास आधीच्या नळीतील द्रव्य पुढच्या नळीत मिसळते. पोटॅशियमयुक्त ईडीटीए सीरमच्या नळीत गेल्यास पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम खोटे घटलेले दिसते. दोन्ही बदल एकत्र आढळल्यास रुग्णावर उपचार करण्यापूर्वी नव्याने नमुना घेणे योग्य ठरते.

वाहतुकीतील तापमान व वेळ यांना ग्रामीण भागात विशेष महत्त्व आहे. परभणी येथे मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. पेशींपासून वेगळे न केलेल्या रक्तातील शर्करा सामान्य तापमानात ताशी सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उष्णतेत ही घट अधिक वेगाने होते. उपाशीपोटी १३० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर शर्करा असलेल्या रुग्णाचा नमुना दोन तास तसाच राहिल्यास निकाल ११२ ते ११७ च्या दरम्यान येऊ शकतो. मधुमेहाच्या निदानाची मर्यादा १२६ असल्याने अशा रुग्णाचा मधुमेह अहवालात दिसत नाही. फ्लोराइडचा पूर्ण परिणाम होण्यास एक ते दोन तास लागत असल्याने राखाडी नळीतही सुरुवातीची घट पूर्णपणे टळत नाही. रक्तद्रव किंवा रक्तरस लवकर वेगळा करणे हाच खात्रीचा मार्ग होय.

अतिथंडपणाही अपायकारक ठरतो. अखंड रक्त बर्फावर ठेवल्यास पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो व पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपते. नळी बर्फाला थेट चिकटल्यास तांबड्या पेशी फुटण्याचाही धोका असतो. म्हणून जीवरसायन तपासणीचा नमुना आधी वेगळा करून मगच थंड ठेवला जातो.

रक्तशास्त्र

रक्तपेशी गणनेत हिमोग्लोबिन, तांबड्या व पांढऱ्या पेशी, बिंबिका आणि पेशींचे निर्देशांक मोजले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हिमोग्लोबिन प्रति डेसिलीटर १३ ग्रॅमपेक्षा कमी असलेला पुरुष, १२ पेक्षा कमी असलेली स्त्री आणि ११ पेक्षा कमी (दुसऱ्या तिमाहीत १०.५ पेक्षा कमी) असलेली गर्भवती रक्तक्षयग्रस्त मानली जाते. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान प्रौढांत साधारणतः ८० ते १०० फेम्टोलीटर असते. लोहाची कमतरता व थॅलॅसेमियात ते घटते, तर बी१२ जीवनसत्त्व किंवा फोलेटच्या अभावी वाढते.

पेशी सामान्य आकाराच्या असताना हिमोग्लोबिनची तिप्पट ही हिमॅटोक्रिटच्या जवळपास येते. यास 'तीनचा नियम' म्हणतात. हिमोग्लोबिन १२ ग्रॅम असल्यास हिमॅटोक्रिट सुमारे ३६ टक्के अपेक्षित असतो. यात मोठी तफावत आढळल्यास चरबीयुक्त रक्तद्रव, थंडीने पेशी चिकटणे किंवा यंत्रातील दोष यांची शक्यता तपासली जाते. बिंबिकांची संख्या अनपेक्षितपणे कमी आल्यास रक्तलेप पाहणे आवश्यक असते. काही व्यक्तींच्या रक्तात ईडीटीएमुळे बिंबिकांचे पुंजके होतात व यंत्र ते मोजत नाही.

हिवतापासाठी जाड व पातळ असे दोन लेप करतात. जाड लेप मिथेनॉलने स्थिर केला जात नाही, त्यामुळे पेशी फुटून थोडे परजीवीही सापडतात. पातळ लेप स्थिर केला जातो व त्यावरून प्रजाती ओळखतात. प्लास्मोडियम व्हायवॅक्समध्ये बाधित पेशी मोठी होते व तीत शुफनर ठिपके दिसतात. फाल्सिपेरममध्ये एका पेशीत अनेक नाजूक कडी आणि चंद्रकोरीच्या आकाराची युग्मकजनके आढळतात. हिवतापाच्या परजीवीचे डासाच्या शरीरातील रूप रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे पाहिले. हे ठिकाण हैदराबाद संस्थानात होते व परभणी जिल्हाही तेव्हा त्याच संस्थानाचा भाग होता.

रक्त गोठण्याच्या चाचण्यांत नऊ भाग रक्तास एक भाग ३.२ टक्के सायट्रेट हे प्रमाण काटेकोर पाळावे लागते. नळी अपुरी भरल्यास सायट्रेट जास्त होऊन गोठण्याचा काळ खोटा वाढतो. प्रोथ्रोम्बिन काळ बाह्य मार्गाची व एपीटीटी आंतरिक मार्गाची तपासणी करतो. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णांत आयएनआर वापरतात.

शेतीप्रधान जिल्ह्यांत सर्पदंशाच्या रुग्णासाठी '२० मिनिटांची रक्त गोठण चाचणी' उपयुक्त ठरते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सुमारे २ मिलिलीटर ताजे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात व नंतर एकदाच तिरपी करतात. रक्त पातळच राहिल्यास घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा परिणाम सूचित होतो. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरल्यास रक्त विषाविनाही गोठत नाही. नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते, त्यामुळे रक्त गोठले म्हणजे विषबाधा नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

जीवरसायनशास्त्र

बहुतेक चाचण्या प्रकाशशोषणावर आधारित असतात. बिअर-लँबर्ट नियमानुसार द्रावणाने शोषलेला प्रकाश त्यातील पदार्थाच्या संहतीच्या प्रमाणात असतो. हा संबंध ठरावीक मर्यादेपर्यंतच सरळ असल्याने अतिउच्च निकाल आल्यास नमुना विरल करून पुन्हा तपासतात व उत्तरास विरलन गुणकाने गुणतात.

मधुमेहाच्या निदानासाठी उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक आणि एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक हे निकष आहेत. तांबड्या पेशींचे आयुष्य घटवणाऱ्या आजारांत एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकते. सोडियमची सामान्य मर्यादा १३५ ते १४५ व पोटॅशियमची सुमारे ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लीटर असते. पेशी फुटलेल्या नमुन्यात पोटॅशियम, एलडीएच व एएसटी वाढलेले दिसतात.

परीक्षांत वारंवार विचारली जाणारी सूत्रे पुढीलप्रमाणे आहेत:

ऋणायन अंतर = सोडियम − (क्लोराइड + बायकार्बोनेट)
एलडीएल = एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

दुसरे सूत्र फ्रिडवाल्ड यांच्या नावाने ओळखले जाते. ते मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर या एककासाठी असून ट्रायग्लिसराइड ४०० पेक्षा जास्त असल्यास वापरता येत नाही.

रक्तपेढीशास्त्र

कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एबीओ रक्तगटांचा शोध लावला. रक्तगट दोन दिशांनी निश्चित केला जातो. पुढील गटनिश्चितीत रुग्णाच्या पेशी ज्ञात प्रतिपिंडांशी, तर उलट गटनिश्चितीत रुग्णाचा रक्तरस ज्ञात ए, बी व ओ पेशींशी मिसळतात. दोन्ही निकाल जुळल्याशिवाय गट जाहीर केला जात नाही.

या नियमाचे महत्त्व 'बॉम्बे' रक्तगटावरून स्पष्ट होते. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत आढळलेल्या या रक्तगटाची नोंद 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या व्यक्तींच्या पेशींवर ए व बी प्रतिजनांबरोबरच त्यांचा पाया असलेले एच प्रतिजनही नसते. केवळ पुढील गटनिश्चिती केल्यास त्यांचा गट 'ओ' असल्याचे भासते. मात्र त्यांच्या रक्तरसात एचविरोधी प्रतिपिंड असल्याने तो ओ पेशींनाही चिकटवतो. अशा रुग्णास साधे ओ रक्त दिल्यास तांबड्या पेशींचे तीव्र विघटन होऊन मृत्यू ओढवू शकतो. त्यास बॉम्बे गटाचेच रक्त लागते. उलट गटनिश्चितीत ओ पेशींचा समावेश आणि रक्त देण्यापूर्वीची जुळणी चाचणी यांमुळे ही चूक पकडली जाते.

थेट कूम्ब्ज चाचणी शरीरातच पेशींवर बसलेली प्रतिपिंडे, तर अप्रत्यक्ष चाचणी रक्तरसात मुक्त असलेली प्रतिपिंडे शोधते. निकाल नकारात्मक आल्यास प्रतिपिंडलेपित नियंत्रक पेशी मिसळून कूम्ब्ज द्रव्य क्रियाशील असल्याची खात्री करतात.

भारतात दात्याच्या प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियस तापमानात सीपीडीए-१ द्रावणात ३५ दिवस टिकतात. बिंबिका २० ते २४ अंश तापमानात सतत हलवत ५ दिवस ठेवता येतात.

सूक्ष्मजीवशास्त्र

ग्रॅम अभिरंजनात क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल किंवा ॲसिटोन आणि सॅफ्रॅनिन हा क्रम असतो. ग्रॅम धन जीवाणू जांभळे व ग्रॅम ऋण गुलाबी दिसतात. रंग काढण्याची पायरी लांबल्यास ग्रॅम धन जीवाणूही गुलाबी दिसू लागतात. ओळख पटवण्यासाठी कॅटॅलेज, कोॲग्युलेज व ऑक्सिडेज चाचण्या वापरतात. कोॲग्युलेज धन स्टॅफिलोकोकस हा बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो.

क्षयरोगासाठी झील-नील्सन अभिरंजन करतात. तेलभिंगाखालील १०० क्षेत्रांत १ ते ९ दंडाणू आढळल्यास नेमकी संख्या लिहितात, १० ते ९९ आढळल्यास १+, प्रति क्षेत्र १ ते १० असल्यास २+ आणि १० पेक्षा जास्त असल्यास ३+ अशी नोंद होते. जनुकीय चाचण्यांमुळे क्षयरोगाबरोबर रिफाम्पिसिनविरोधाचीही माहिती लवकर मिळते. त्यांपैकी ट्रूनॅट ही गोव्यातील कंपनीने विकसित केलेली चाचणी आहे. थुंकीऐवजी लाळ आल्यास कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही. सूक्ष्मजीवसंवर्धनासाठीच्या थुंकीत कमी भिंगाखाली प्रति क्षेत्र १० पेक्षा कमी आवरणपेशी व २५ पेक्षा जास्त पूपेशी असणे योग्य मानतात.

प्रतिजैविक संवेदनशीलतेच्या चकती पद्धतीत म्युलर-हिंटन माध्यम आणि ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचे द्रावण वापरतात. द्रावण दाट असल्यास वर्तुळे लहान होऊन संवेदनशील जीवाणूही प्रतिरोधक भासतात.

जनावरांच्या निकट राहणाऱ्यांत ब्रुसेल्लोसिसचा विचार करावा लागतो. दीर्घकाळ ताप असलेल्या पशुपालकाच्या नमुन्यासोबत त्याच्या व्यवसायाची माहिती येणे आवश्यक असते, कारण ब्रुसेल्लाचे संवर्धन हाताळताना श्वासावाटे तंत्रज्ञासही संसर्ग होऊ शकतो. हे काम जैवसुरक्षा कक्षातच केले जाते.

प्रतिक्षमताशास्त्र

संवेदनशीलता म्हणजे आजारी व्यक्तींपैकी किती जणांत चाचणी सकारात्मक येते याचे प्रमाण. विशिष्टता म्हणजे निरोगी व्यक्तींपैकी किती जणांत ती नकारात्मक येते याचे प्रमाण. दोन्ही ९५ टक्के असलेली चाचणी १०,००० व्यक्तींवर केली व त्यांपैकी १०० जण आजारी असले, तर ९५ खरे सकारात्मक आणि ४९५ खोटे सकारात्मक निकाल मिळतात. म्हणजे सकारात्मक आलेल्या ५९० व्यक्तींपैकी केवळ १६ टक्के प्रत्यक्षात आजारी असतात. यामुळेच एचआयव्हीसारख्या आजाराचे निदान एकाच चाचणीवर जाहीर न करता भिन्न तत्त्वांच्या चाचण्यांनी निश्चित केले जाते.

प्रतिपिंडांचे प्रमाण अतिशय जास्त असल्यास पुंजके न दिसता निकाल खोटा नकारात्मक येतो. यास प्रोझोन परिणाम म्हणतात. उपदंशाच्या आरपीआर चाचणीत तो आढळतो व रक्तरस विरल केल्यास दूर होतो.

लघवी व शरीरद्रव तपासणी

लघवीची तपासणी दोन तासांच्या आत करावी लागते. विलंब झाल्यास जीवाणू वाढतात, शर्करा घटते, पेशी व नलिका-साचे विरघळतात. तांबड्या पेशींचे साचे मूत्रपिंडाच्या केशिकागुच्छातील आजार सूचित करतात. मस्तिष्कमेरुद्रव तीन नळ्यांत घेतात: सामान्यतः पहिली जीवरसायनासाठी, दुसरी सूक्ष्मजीवशास्त्रासाठी व तिसरी पेशीगणनेसाठी. सुई टोचताना आलेले रक्त पुढील नळ्यांत कमी होत जाते, तर मेंदूभोवतीच्या रक्तस्रावात ते सर्व नळ्यांत सारखे दिसते.

गुणवत्ता नियंत्रण

रुग्णांचे नमुने तपासण्यापूर्वी ज्ञात मूल्याचा नियंत्रक नमुना चालवून निकाल लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर नोंदवतात. शर्करेच्या नियंत्रकाची सरासरी १०० व प्रमाण विचलन ३ असल्यास ९४ ते १०६ बाहेरील निकाल इशारा मानतात, तर ९१ ते १०९ बाहेरील निकालावर तपासणी थांबवतात. १९८१ साली मांडलेल्या वेस्टगार्ड नियमांनुसार लागोपाठ दोन निकाल एकाच बाजूस दोन विचलनांपलीकडे गेल्यास पद्धतशीर दोष मानतात. एकाच फेरीतील दोन नियंत्रकांत चारपेक्षा जास्त विचलनांचा फरक यादृच्छिक दोष दर्शवतो. दोष शोधून दूर होईपर्यंत रुग्णांचे अहवाल रोखले जातात. वैद्यकीय प्रयोगशाळांच्या गुणवत्तेसाठी आयएसओ १५१८९ हे मानक असून भारतात एनएबीएल ही संस्था त्यानुसार अधिस्वीकृती देते.

जीवास धोका दर्शवणारा निकाल विश्लेषणोत्तर टप्प्यात तातडीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांस कळवतात, त्यांच्याकडून तो परत वदवून घेतात आणि वेळेसह नोंदवतात.

सुरक्षितता व कचरा व्यवस्थापन

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये संसर्गित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया व धारदार वस्तू पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या चिन्हाच्या खोक्यात टाकतात. संवर्धने व इतर सूक्ष्मजैविक कचरा आधी निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीत जातो. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सुई टोचल्यास जागा साबण व पाण्याने धुऊन तत्काळ कळवावे लागते. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करतात.

परभणी जिल्ह्यातील संदर्भ

मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम व पूर्णा हे नऊ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. शासकीय आरोग्यसेवा प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि परभणी शहरातील रुग्णालये अशा स्तरांत विभागलेली आहे. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली सुरू झाले. शहरातील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयामुळे जनावरांपासून माणसांस होणाऱ्या आजारांच्या अभ्यासासही येथे वाव आहे.

अशा रचनेत नमुना एका ठिकाणी घेतला जातो व अनेक चाचण्या दूरच्या प्रयोगशाळेत होतात. त्यामुळे प्राथमिक केंद्रातील तंत्रज्ञाची जबाबदारी नळीवर नाव, वेळ व तारीख लिहिणे, रक्तरस वेळेत वेगळा करणे, तापमान राखणे आणि अयोग्य नमुना कारणासह नाकारणे यांपर्यंत विस्तारते. दूरच्या गावातून आलेल्या रुग्णास पुन्हा बोलावल्यास त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पहिलाच नमुना योग्य घेणे हे येथे तांत्रिक शिस्तीइतकेच रुग्णहिताचे आहे.

हेही पाहा

रक्तगट
मधुमेह
हिवताप
क्षयरोग
सर्पदंश
परभणी जिल्हा